पाऊस चुकवून येणारा पाहुणा : बेटावरील मुक्काम आणि गोडे पाणी

कोल्हापुराहून मालवणास जाणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. एक गगनबावड्याचा घाट उतरून जाणारा, दुसरा राधानगरी-दाजीपूरवरून फोंडाघाटाने जाणारा. कोणता रस्ता चांगला, यावर आपल्याकडे जेवढा वाद होतो तेवढा तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावरही होत नसेल. तथापि दोन्ही पंथांचे लोक एका बाबतीत सारखे आहेत. ते पुन्हा पुन्हा जातात. त्याच किनाऱ्याला, त्याच वाडीत आणि शक्य असेल तर त्याच घरी. परीक्षा संपल्या, निकाल लागायचे आहेत, आंबा उतरला आहे, अशा दिवसांत दरवर्षी मालवण, तारकर्ली, देवबाग गाठणारी कुटुंबे आपल्या प्रत्येक पेठेत सापडतील.

प्रस्तुत लेख या पुन्हा जाण्यासंबंधी आहे. समुद्र, माड आणि चांदणे यांचे वर्णन करण्याचा येथे हेतू नाही. आपल्याच वार्षिकांच्या जुन्या अंकांतून ते पुरेसे झाले आहे. समुद्राने वेढलेल्या जागी मुक्कामास गेलेला पाहुणा ज्या एका गोष्टीचा सहसा विचार करीत नाही, ती म्हणजे न्हाणीघरातल्या नळाला येणारे गोडे पाणी. हे पाणी येते कोठून, किती असते आणि आपल्या येण्याने त्याचे काय होते, एवढाच हा विषय आहे.

बेटावरचा बंगला म्हटले की कोल्हापूरकरांना आधी आठवते ती राधानगरीची बेनझीर व्हिला. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर जे धरण हाती घेतले, त्याच्या लक्ष्मी तलावात ही संस्थानी वास्तू उभी आहे. तलाव भरला की तिला चहूबाजूंनी पाणी लागते आणि उन्हाळ्यात तलाव आटला की तिच्याकडे जाणारी जमीन उघडी पडते. म्हणजे ही इमारत वर्षातून काही महिनेच बेटावर असते! परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने तिचा उपयोग एवढाच की ती एक उलटे उदाहरण आहे. तिच्या सभोवतीचे सर्व पाणी गोडे आहे. तेथे राहणाऱ्याला पाण्याची चिंता करण्याचे कारणच नव्हते. खिडकीतून बादली सोडली की भागले. समुद्रातल्या बेटाची गोष्ट अगदी निराळी. तेथे दृष्टी पोचेल तेथवर पाणी असते आणि त्यातले ओंजळभरही पिण्याच्या कामाचे नसते.

हे ज्यांनी प्राणपणाने ओळखले होते ते आपले जुने दुर्गकार. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ च्या नोव्हेंबरात सिंधुदुर्गाचे काम सुरू करविले आणि १६६७ मध्ये ते पुरे झाले. सुमारे ४८ एकरांचे हे खडकाळ बेट निवडताना जी कारणे पाहिली गेली असतील त्यांत खडकांनी वेढलेला अवघड जलमार्ग हे एक आणि गोडे पाणी हे दुसरे. किल्ल्यात दूधविहीर, दहीविहीर आणि साखरविहीर अशा तीन विहिरी आहेत. नावेच सांगतात की ज्यांनी ती ठेवली त्यांना पाण्याच्या चवीचे केवढे अप्रूप होते. जंजिऱ्याच्या आतही गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर स्पष्टच सांगितले आहे की किल्ला बांधण्याआधी तेथील पाण्याची खात्री करून घ्यावी, आणि एका झऱ्यावर विसंबून न राहता साठवणाची टाकीही बांधावीत. हे अमात्य घराणे पुढे गगनबावड्याचे. म्हणजे आपल्या पहिल्या पंथाचे प्रवासी घाट उतरण्यापूर्वी ज्या गावात चहाला थांबतात, त्या गावानेच हा धडा जतन केला आहे. चहा पिताना तो कोणाला आठवतो की नाही, हा प्रश्न वेगळा.

येथेच एक ऐतिहासिक संबंध सांगून टाकतो, कारण तो आपल्या गावाचा आहे. सिंधुदुर्ग पुढे कोल्हापूरच्या छत्रपतींच्या ताब्यात होता. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो घेतला, त्याचे नाव फोर्ट ऑगस्टस ठेवले, आणि नंतर कोल्हापूरला परतही दिला. अखेर १८१२ च्या तहाने मालवण इंग्रजांकडे गेले. राज्य गेले तरी जाणे-येणे तुटले नाही. किल्ल्यातल्या श्रीशिवराजेश्वर मंदिराचा सभामंडप कोल्हापूरच्या छत्रपतींनीच पुढे बांधविला. तेव्हा कोल्हापूरकराचे मालवणला पुन्हा पुन्हा जाणे ही मे महिन्यातील सहलीची टूम नव्हे, त्याला दोन-तीन शतकांची परंपरा आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समुद्राच्या मध्यभागी किंवा अगदी काठावर विहिरीला गोडे पाणी लागते ते कसे?

पुष्कळांची समजूत अशी असते की समुद्राचे पाणी वाळूतून गाळून येताना त्यातले मीठ मागे राहते. ही समजूत चुकीची आहे. मीठ पाण्यात विरघळलेले असते. वाळू गढूळपणा अडवील, खारटपणा अडविणार नाही. विहिरीतले गोडे पाणी हे पावसाचे पाणी आहे. पावसाळ्यात ते वाळूत किंवा खडकाच्या फटींत मुरते, आणि खाली जे खारे पाणी समुद्रातून शिरलेले असते त्याच्यावर तरंगून राहते. गोडे पाणी हलके, खारे पाणी जड, म्हणून हे घडते. बेटाच्या मध्यभागी गोड्या पाण्याचा थर जाड असतो आणि काठाकडे तो निमुळता होत जातो. उभा छेद काढून पाहिला तर भिंगासारखा आकार दिसतो, म्हणून भूजलशास्त्रात त्याला गोड्या पाण्याचे भिंग असेच म्हणतात.

या भिंगाचे गणित मांडले दोघांनी. एक डच लष्करी अभियंता बाडोन घायबेन. त्याचा काळ १८८० च्या दशकाची अखेर. दुसरा जर्मन अभियंता हर्झबर्ग, याचा निबंध १९०१ चा. मौज अशी की हर्झबर्गच्या निबंधाचा विषय उत्तर समुद्रातल्या स्नानस्थळांचा पाणीपुरवठा हा होता. उन्हाळ्यात हवापालटासाठी तेथील बेटांवर पाहुण्यांची गर्दी होई आणि त्यांना पाणी कोठून पुरवावे, हा प्रश्न त्याच्यापुढे होता. ज्या नियमाशिवाय आज किनाऱ्यावरील भूजलाचे एकही पाठ्यपुस्तक पुरे होत नाही, तो नियम सुट्टीला आलेल्या मंडळींच्या आंघोळीच्या पाण्यातून निघाला, ही गोष्ट भूगोलाच्या तासाला सांगण्यासारखी आहे.

नियम साधा आहे. गोड्या पाण्याची घनता १ धरली तर समुद्राच्या पाण्याची सुमारे १.०२५ भरते. फरक चाळिसाव्या हिश्श्याचा. त्यामुळे गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या पातळीहून जितकी वर असेल, त्याच्या चाळीस पट खोलीपर्यंत खाली गोडे पाणी असते. विहिरीतले पाणी समुद्रसपाटीहून अर्धा मीटर वर असेल तर तत्त्वतः त्याखाली २० मीटर गोडे पाणी. ऐकायला हे मोठे सुखाचे वाटते. परंतु हेच गणित उलट्या बाजूने वाचले म्हणजे घाम फुटतो. उपसा होऊन पातळी १० सेंटिमीटरनी, म्हणजे वीतभरही नव्हे, खाली गेली व तशीच राहिली, तर खालून खारे पाणी हळूहळू ४ मीटर वर चढणार. आपल्या डोळ्यांना दिसतात ते वरचे १० सेंटिमीटर. खालचे ४ मीटर दिसत नाहीत. पाणी मचूळ लागू लागते तेव्हा ते कळते, आणि तोवर उशीर झालेला असतो. प्रत्यक्षात थरांची रचना, खडक, भरती-ओहोटी यांमुळे आकडे पुढे-मागे होतात, खऱ्या बेटावर हे गणित इतके काटेकोर उतरत नाही. पण त्याची दिशा बदलत नाही.

उपसा कसा केला जातो यालाही महत्त्व आहे. रहाटाने कळशी-कळशी पाणी काढले की विहिरीच्या वरच्या थरातले पाणी निघते आणि बाजूने पुन्हा भरून येते. विंधन विहीर खोल नेऊन मोटर लावली व ताशी हजारो लिटर ओढू लागले, की नेमके त्या जागेखाली खारे पाणी वारुळासारखा शंकू करून वर येते. दोन्हीकडे दिवसाअखेर काढलेले पाणी सारखेच असेल, तरी परिणाम सारखा नसतो. आजीच्या काळची विहीर साठ वर्षे गोडी राहिली आणि शेजारची कूपनलिका पाच वर्षांत खारी झाली, असे किनाऱ्यावर सांगतात त्याचे कारण दैवात शोधण्याची गरज नाही.

देवबागचा विचार या दृष्टीने करण्यासारखा आहे. नकाशावर पाहिले तर देवबाग हे बेट नाही. तारकर्लीहून दक्षिणेकडे उतरत गेलेली ती वाळूची लांबट पट्टी आहे; पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस कर्ली नदीची खाडी, आणि टोकाला दोहोंचा संगम. पट्टी इतकी अरुंद की काही ठिकाणी एका बाजूची गाज ऐकत दुसऱ्या बाजूच्या होडीत बसता येते. समुद्र येथील किनारा खात आला आहे आणि त्याला आवर घालण्यासाठी दगडी बंधारे घालावे लागले आहेत. पाण्यापुरते म्हणाल तर देवबाग हे तीन बाजूंनी बेटच आहे. उन्हाळ्यात खाडीचे पाणीही भरतीबरोबर खारे होते. मग माडांच्या आळ्यांत उभ्या असलेल्या घरांच्या विहिरींना जे गोडे पाणी असते ते मागच्या पावसाळ्यात वाळूत मुरलेलेच.

आणि आता या सगळ्यातला मर्म सांगणारा मुद्दा. कोकणात पाऊस पडतो जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत. या चार महिन्यांत मालवणचे बंदर जवळजवळ बंद असते, सिंधुदुर्गाकडे जाणाऱ्या होड्या ओढून ठेवलेल्या असतात आणि पाहुणा फिरकत नाही. पाऊस सरला की तो येऊ लागतो. दिवाळीत येतो, नाताळात येतो, आणि सर्वांत अधिक संख्येने येतो तो मे महिन्यात. म्हणजे वाळूतले भिंग जेव्हा सर्वांत पातळ झालेले असते, आठ महिन्यांचा उपसा होऊन गेलेला असतो आणि नव्या पावसाला अजून पंधरवडा तरी अवकाश असतो, नेमक्या त्याच वेळी. हा योगायोग नव्हे. किनाऱ्यावरचा पाहुणा हा स्वभावतःच पाऊस चुकवून येणारा प्राणी आहे. त्याला ऊन हवे, निळे आकाश हवे, शांत समुद्र हवा. आणि हे सर्व असते तेव्हा विहीर भरत नसते.

जगातल्या दोन प्रसिद्ध बेटांकडे पाहिले तर हाच नियम दिसतो. मालदीवला कोरडे महिने जानेवारी ते मार्च, आणि पाहुण्यांचा हंगामही डिसेंबर ते एप्रिल असाच. मॉरिशसला सर्वांत कमी पाऊस ऑक्टोबरच्या आसपास, आणि वर्षअखेरीचे तीन महिने तेथे पाहुण्यांच्या गर्दीचे. विषुववृत्ताच्या कोणत्याही बाजूचे बेट घ्या, पाहुणा आणि पाऊस यांची गाठ पडत नाही.

मालदीवमध्ये पर्यटनास १९७२ मध्ये आरंभ झाला. तेथील पद्धत अशी की निर्जन बेट निवडायचे आणि ते सबंध एका हॉटेलास द्यायचे. त्या हॉटेलाने आपली वीज, आपले पाणी, आपला कचरा स्वतः पाहायचा. पाण्याची सोय समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या यंत्राने होते आणि ते यंत्र बव्हंशी डिझेलवर निर्माण केलेल्या विजेवर चालते. पाहुण्याचा पैसा त्या बेटावर उतरतो आणि स्थानिक विहिरीला त्याचा हात लागत नाही. एका अर्थी हा प्रामाणिक व्यवहार म्हटला पाहिजे. पण वस्ती असलेल्या बेटांची कहाणी निराळी. राजधानी माले येथील भिंग वाढत्या वस्तीने केव्हाच उपसून खारे व दूषित केले, आणि सारे शहर यंत्रावर अवलंबून राहिले. ४ डिसेंबर २०१४ रोजी त्या प्रकल्पाला आग लागली तेव्हा लाखाहून अधिक लोकांचे नळ कोरडे पडले, आणि भारताने विमानांतून व नौदलाच्या जहाजांतून पाणी पाठविले. चहूकडे महासागर असलेल्या शहराला विमानाने पाणी! २००९ नंतर तेथे वस्तीच्या बेटांवर लहान अतिथिगृहांना मुभा मिळाली. त्यामुळे घरोघरी चार पैसे आले हे खरे आणि चांगलेही; पण पाहुण्याची बादली आणि गावाची बादली आता एकाच साठ्यात बुडू लागली.

मॉरिशस आपल्याला अधिक जवळचे. १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून जे हजारो भारतीय तेथे नेले गेले त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी कुटुंबेही होती. त्यांचे वंशज आज तेथे गणेशचतुर्थीला मूर्तींचे विसर्जन करतात, त्या दिवशी देशभर सुट्टी असते, आणि शाळांतून मराठी शिकविली जाते. ऊस तोडण्यासाठी आणलेल्या या लोकांचा किनाऱ्याशी संबंध कसा आला, हा समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने पाहावा असा विषय आहे. फ्रेंच अमदानीपासून तेथे समुद्रालगतची सुमारे ८१ मीटर रुंदीची पट्टी सरकारी मालकीची मानली जाते. ती विकता येत नाही, भाडेपट्ट्याने देता येते. या पट्टीत तेथील धनिकांनी समुद्रकाठचे बंगले बांधले. त्यांना ‘कांपमां’ म्हणतात. उन्हाळ्यात सारे कुटुंब तेथे येऊन राहावयाचे आणि पुढील वर्षी पुन्हा त्याच ठिकाणी यावयाचे, अशी ती पिढीजात रीत. बाकीच्यांसाठी सुरूच्या झाडांखालचे सार्वजनिक किनारे. रविवारी डबे, भांडी, पोरेबाळे घेऊन तेथे येणाऱ्या गर्दीत मराठी आडनावे हमखास असतात. २००२ मध्ये मॉरिशस सरकारने आणखी एक दार उघडले. ठरावीक मोठ्या रकमेचा, आरंभी किमान पाच लाख अमेरिकन डॉलरचा, बंगला एखाद्या मंजूर प्रकल्पात विकत घेणाऱ्या परदेशी माणसाला तेथे राहण्याचा परवाना मिळू लागला. आवडत्या बेटावर दरवर्षी परतणारा पाहुणा असा मालक झाला.

पाहुणा मालक झाला म्हणजे पाण्याच्या हिशेबात काय बदलते, ते आता आकड्यांनीच पाहू. आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात. पाच माणसांचे कुटुंब म्हणजे दिवसाला ६७५ लिटर. आता बंगल्यापुढे ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल असा लहानसा पोहण्याचा हौद बांधला असे समजू. तो एकदा भरण्यास ४८ घनमीटर, म्हणजे ४८,००० लिटर पाणी लागेल. त्या कुटुंबाचे ७१ दिवसांचे पाणी ते हेच. शिवाय उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलिमीटर बाष्पीभवन धरले तरी त्या हौदातून रोज १६० लिटर हवेत जाणार. हौदापासून शंभर पावलांवर समुद्र आहे, ही गोष्ट मी येथे केवळ नोंदवून ठेवतो.

याच्या शेजारी घरगुती मुक्काम ठेवून पाहा. देवबाग-तारकर्लीत पुष्कळ घरांनी आपल्या आवारात दोन-चार खोल्या पाहुण्यांसाठी बांधल्या आहेत. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, त्यानंतर अशा खोल्या वाढत गेल्या. पर्यटन महामंडळाच्या न्याहारी-निवास योजनेनेही त्यांना हातभार लावला. येथे पाहुणा ज्या विहिरीचे पाणी वापरतो त्याच विहिरीवर घरमालकिणीची सोलकढी, तिची भाकरी आणि तिचे माड अवलंबून असतात. विहीर बिघडली तर पाहुणा पुढच्या वर्षी दुसरीकडे जाईल. ती कोठे जाणार? म्हणून ती मोटर किती वेळ चालवायची हे जाणते, आंघोळीचे पाणी माडाच्या आळ्यात सोडते, आणि पाण्याची चव बदलली तर ते तिला चहाच्या पहिल्या घोटात कळते. नळ वाहता ठेवून दाढी करणाऱ्या पाहुण्याला ती कधी हसत, कधी न हसता बोलते. हा सारा व्यवहार कायद्याच्या कोणत्याही कलमाहून अधिक बारकाईने पाणी राखतो. सगळीच घरे अशी असतात असे मी म्हणणार नाही. खोल्या चाराच्या चौदा झाल्या, प्रत्येकीत यंत्राने हवा थंड होऊ लागली आणि गच्चीवर काळ्या टाक्यांची रांग लागली, की घरगुती हा शब्द पाटीवर उरतो.

कायद्याने हा फरक ओळखला आहे, ही समाधानाची गोष्ट. १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपसण्यास मनाई केली. आणि २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात साध्या विहिरींतून, हाताने, पिण्यासाठी, बागायतीसाठी, शेतीसाठी व मत्स्यव्यवसायासाठी तेवढी परवानगी ठेवली. २०११ च्या अधिसूचनेने स्थानिक वस्तीला तिच्या स्वतःच्या वापरापुरती सूट दिली. या ‘हाताने’ आणि ‘स्वतःच्या वापरापुरती’ या शब्दांत वर सांगितलेले सारे भूजलशास्त्र सामावले आहे. हे ज्याने लिहिले त्याला भिंगाचे गणित ठाऊक असले पाहिजे. पण २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामास मनाई असलेली पट्टी २०० मीटरवरून ५० मीटरवर आणली आहे. घरे पाण्याजवळ सरकतील ती भिंगाच्या निमुळत्या धारेवर. जेथे थर आधीच पातळ आहे तेथे मोटर बसेल. या बदलाचे समर्थन करणारे म्हणतात की त्यामुळे स्थानिकांना आपल्याच जागेत घर व धंदा वाढविता येईल. ते खोटे नाही. तरी जमीन स्थानिकाच्या हाती किती दिवस राहते, हे पाहिल्याशिवाय या युक्तिवादाचे मोल ठरविता येत नाही. माझे मत असे की अंतराची रेषा मागे-पुढे करण्यापेक्षा उपशाची रीत सांभाळली गेली असती तर बरे झाले असते.

यावर मार्ग नाही असे नव्हे, आणि तो महागही नाही. किनाऱ्यावर वर्षाला अडीच हजार मिलिमीटर पाऊस धरला तरी १५० चौरस मीटर छपरावर ३७५ घनमीटर पाणी पडते, म्हणजे पावणेचार लाख लिटर. आपल्या पाच माणसांच्या कुटुंबाला हे दीड वर्ष पुरेल. एवढे पाणी साठवावयास टाकी बांधणे कोणालाही परवडणार नाही. पण तशी गरजही नाही, कारण टाकी पायाखाली आहे. छपराचे पन्हाळीचे पाणी आवारातल्या वाळूत मुरू दिले की भिंग भरते. नेमके येथेच मे महिन्यापुरता उघडणारा बंगला घात करतो. त्याचे आवार फरशीने, काँक्रीटने झाकलेले असते आणि पावसाळ्यात त्याला कुलूप असते. छपराचे व आवाराचे पाणी गटारातून सरळ खाडीत जाते. पावसाळ्यात त्याने काही भरले नाही, उन्हाळ्यात त्याने तेवढे उपसले. जुन्या मालवणी घराचे शेणाने सारवलेले खळे उन्हाळ्यापुरते असते. पावसाळ्यात ते विस्कटते, आजूबाजूची पुळण पाणी पिते, आणि पाऊस गेल्यावर खळे पुन्हा घातले जाते. जमीन पाण्याला मोकळी सोडण्याची ही व्यवस्था कोणी योजनापूर्वक केली असेल असे वाटत नाही, पण तिने काम चोख केले.

ज्यांना हे प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्यांनी एक सोपा प्रयोग करावा. काचेच्या रुंद बरणीत जाड वाळूचा उंचवटा करावा आणि मीठ व थोडी निळी शाई घातलेले पाणी बाजूने हळूहळू सोडावे, म्हणजे समुद्र झाला. मग वाळूच्या माथ्यावर साध्या पाण्याचे थेंब सावकाश टाकीत राहावे. काचेतून निळ्यावर तरंगणारा पांढरा थर दिसू लागेल. आता इंजेक्शनच्या नळीने वरून अगदी हळू पाणी काढले तर स्वच्छ पाणी निघते; सुई खोल घालून जोराने ओढले तर काही क्षणांत नळीत निळे येते. आमच्या मते भूगोल विभागाने हा प्रयोग सहलीच्या आधी करून दाखवावा, सहलीनंतर नव्हे.

आपल्या कोल्हापुराला या प्रश्नाची सवय नाही हे मान्य केले पाहिजे. गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेने आपल्या घरांत पाणी आणले, आणि पिण्यासाठी आपण काळम्मावाडीहून पन्नास किलोमीटरांहून लांब जलवाहिनी टाकली. पाणी म्हणजे दुरून येणारे किंवा नको तेव्हा येणारे, एवढाच आपला अनुभव. जेथे पाणी पायाखालीच असते, मोजकेच असते, आणि शेजाऱ्याने जास्त ओढले तर आपली विहीर खारी होते, त्या जगात आपण वर्षातून चार दिवस राहतो. वीस वर्षे देवबागला जाणारा कोल्हापूरकर म्हणतो की मला हे गाव तळहातासारखे ठाऊक आहे. त्याने वीस वेळा मे महिना पाहिलेला असतो. श्रावणात विहीर काठोकाठ भरते, पुळणीत पाऊल टाकले तर पाणी वर येते, पावसाळी माशांचा वास गल्लीत भरून राहतो, हे त्याने पाहिलेले नसते.

त्यासाठी ऑगस्टमध्ये जावे लागते. रस्ता घाटात निसरडा असतो, दरड कोसळून गाडी अडकण्याचा संभव असतो, सिंधुदुर्गाकडे होडी जात नाही, आणि ताटात बहुधा सुका बांगडा असतो. खोली मात्र निम्म्या भाड्यात मिळते, आणि विहिरीचे पाणी त्या दिवसांत हाताने घेता येते.